गाडीत झोपू नये

भुतं असती तर सगळ्यात आदी आमच्या गावात दिसली असती. भूकंपानंतर त्या दगडमातीच्या ढिगात मी दिवसचे दिवस काढले. भांडी हुडकत, कपडे हुडकत, मानसं हुडकत. आख्खं गाव गेलेलं, आन् मला एक बी भूत भेटलं न्हाई. म्हनून असल्या गोष्टीवर माझा इश्वास कधीच नव्हता. आजबी फारसा न्हाई.

माझी नात तुमच्या इथले अनुभव मोबाईलवरून मोठ्यानं वाचून दाखवते. कुनाला पांढरी साडी दिसती, कुनाला झाडाखालून कोन हाका मारतं… मी तिला म्हनते, पोरी, ह्यातले अर्धे झोपेत व्हते आन् अर्धे पिऊन. तर परवा ती म्हनाली, "आज्जी, मग आपल्या गाडीचं काय?" म्हनून हे सांगायला बसले. मी दुसरीपावतर शाळा शिकले, लिवायचं जमत न्हाई. मी बोलून ऱ्हायले, ती टाईप करून ऱ्हायली. काही चुकलं तर तिचं धरू नका.

आमचं गाव किल्लारीच्या बाजूचं. आमचे मालक ड्रायव्हर, समदे त्यांना आन्ना म्हनायचे. लातूरच्या एका आडत्याची काळी अंबासिडर चालवायचे. आडत्यानं नवी गाडी घेतली तवा जुनी ह्यांना देऊन टाकली, लई वर्साची चाकरी म्हनून. गावात तेवढी एकच मोटार. लगीन असो, बाळंतीन असो, गाडी आमचीच.

मालकाची एक सवय आत्ताच सांगून ठेवते, म्होरं लागंल. त्यांना पहाटंच भाड्यावर निघावं लागायचं. घरात सासू झोपलेली, लेकरू झोपलेलं. तर मला उठवायचं असलं की हाक मारायचे न्हाईत. पायाचा अंगठा धरायचे आन् हळूहळू हालवायचे. मी चिडायचे. म्हनायचे, मी काय गाडीचा गेर हाय का, हालवून बगायला? ते हसायचे आन् दुसऱ्या दिवशी परत तेच.

भूकंपाच्या त्या रात्री आम्ही गनपती बुडवून उशिरा आलो. बसू, माझा एकुलता एक पोरगा, शाळेत सुद्दा घातला नव्हता तवा. गाडीच्या मागच्या सीटवर झोपी गेला. काही केल्या उठंना. मी म्हनलं ऱ्हाऊ द्या, मी बी इथंच पडते त्याच्यापाशी. मालक आत जाऊन झोपले. सासू त्या दिवशी लेकीकडं गेलेली.

मग मला जाग आली. गाडी हालत व्हती. जोरात न्हाई… बारीक थरथर, इंजन चालू असल्यावानी. मला वाटलं हेच आले उठवायला, बाहेरून गाडी हालवून ऱ्हायले. "आले, आले" म्हनलं, पोराला खांद्यावर टाकलं आन् उतरले. अंगनाच्या मधोमध आले तर कुनीच न्हाई. घराचं दार बंद, कडी आतून. मी हाक मारनार, तेवढ्यात जमिनीखालून आवाज आला. पुढचं मी सांगत न्हाई. ज्यांनी बगितलं त्यांना ठाऊक हाय, ज्यांनी न्हाई बगितलं त्यांना सांगून कळनार न्हाई.

मालक आत सापडले. वाकळ गळ्यापावतर तशीच. उठलेच नव्हते.

गाडी भिताडाला लागून उभी व्हती. भिताडाचा एक धोंडा मागची काच फोडून आत पडलेला. सीटवर, आम्ही मायलेकरं झोपलो व्हतो तिथंच.

लोकं म्हनले, मोठ्या धक्क्याच्या आदी बारका धक्का आला असंल, त्यानं गाडी हालली, तुझं नशीब. मी बी तेच धरून चालले. आमच्याकडं जमीन आदल्या वर्सापासून गुरगुरतच व्हती. आन् तवा इचार करत बसायला सवड कुनाला व्हती?

पत्र्याच्या शेडात काही दिवस काढले आन् पोराला घेऊन लातूरला आले. तिथं माझी ओळख एकाच मानसाची. हुसेनभाई मेकॅनिक. मालकाचा जुना दोस्त, दोघं जवान असताना एकाच गॅरेजात काम करायचे, तिथंच झोपायचे. त्यानं गाडी ओढून आनली, नवी काच बसवली आन् आपल्या गॅरेजच्या मागं पत्र्याखाली उभी केली. म्हनाला, "भाभी, इकायची घाई करू नका. लोखंड हाय, खायला मागत न्हाई."

मी डबे करायला लागले. त्याच वर्सात लातूरला क्लासचं पेव फुटलं व्हतं. उदगीर, देगलूर, उमरी, नांदेड, कुठून कुठून पोरं-पोरी यायच्या, ट्रंका, गाद्या, डोळ्याला चष्मे. एका खोलीत चार-चार. पहाटं चुलीम्होरं बसायचे ते रातीला कंबर धरून उठायचे. भाकरी थापून थापून हाताच्या रेषा गेल्या माझ्या. पन पोरगं वाढवलं. कुनाम्होरं हात पसरला न्हाई.

अजून एक रीत सांगते. भूकंपानंतर लातूरला घराघरात निजताना गिलास पालथा घालायचे, त्याच्यावर तांब्या, तांब्यावर अजून एक गिलास. जमीन हालली की ती उतरंड पडनार, आवाज झाला की समद्यांनी बाहेर पळायचं. मांजरानं पाडलं तरी आख्खी गल्ली रस्त्यावर यायची, लुंगी सावरत. पुढं लोकांनी ते सोडलं. मी सोडलं न्हाई. आजबी माझ्या उशाला असती.

बसू मोठा झाला. क्लासची फी आम्हाला परवडनारी नव्हती आन् त्याचं डोकंबी पुस्तकात नव्हतं. त्याचं मन त्या पत्र्याखालच्या गाडीत. हुसेनभाईनं त्याला शिकवलं, दोघांनी मिळून गाडी उभी केली. बसूनं तिला भाड्यावर लावलं. पोरांना सोडायला आई-बाप यायचे, ॲडमिशनच्या दिवसात तर दम खायला फुरसत नसायची. टपावर गाद्या बांधायच्या, डिक्कीत ट्रंका, मागं आख्खं कुटुंब. गाडी जुनी, पन दमदार. लोकं मुद्दाम तीच मागायचे. बसायला ऐसपैस आन् हादरे बसत न्हाईत म्हनून.

हादरे बसत न्हाईत. हे ध्यानात ठेवा.

मग नांदेडचे एक क्लासवाले सर आले. मूळचे उमरीचे, म्हनून आम्ही त्यांना उमरीवाले सरच म्हनायचो. त्यांना जुन्या गाड्यांचा शौक. म्हनाले, ही गाडी पॉलिश करून क्लासच्या दारात उभी करनार, पोरगं पैलं आलं की त्याला हार घालून हिच्यात बसवून मिरवनूक काढनार. मी म्हनलं, गाडी इकायची न्हाई. सर मला नीट बोलले, "मावशी, घाई न्हाई. फकस्त माझ्या ड्रायव्हरला एक चक्कर मारू द्या." बसूनं चावी दिली. तो ड्रायव्हर दुपारी गाडी घेऊन गेला तो दिवस मावळता आला.

आन् त्याच्या पुढच्याच आठवड्यात गाडी थरथरायला लागली.

आता तुम्हीच सांगा, शक येनार का न्हाई? इतकी वर्सं ठनठनीत गाडी, हे लोक येऊन गेले आन् हिला कापरं भरलं. मी बसूला म्हनलं, त्यांनी कायतरी ढिलं केलंय. गाडी खराब झाली की आपन आपसूक देऊ, असा डाव हाय. बसू म्हनाला, "आई, तुला समदे चोरच दिसतेत." म्हनलं, दिसतेत. मी एकटी बाई एवढी वर्सं शहरात टिकले ती त्याच्यामुळंच.

गाडी हुसेनभाईकडं नेली. त्याचा हिशेब सरळ. स्टेरिंग हाललं तर दोष पुढं, सीट हाललं तर मागं. बसू म्हनाला सीटच हालतंय, आन् तेबी मागचं. मग हुसेनभाईनं पुढची चाकं मागं टाकली, मागची पुढं. चाकांचं बॅलन्सिंग केलं. खालचा लांब शाफ्ट काढला, त्याचे जॉईंट बदलले. इंजनखालचे रबर बदलले. दर येळी बसूला शेजारी घेऊन औसा रोडला चक्कर मारून यायचा आन् म्हनायचा, गेली, आता लोन्यावानी चालती. आन् दुसऱ्या दिवशी बसू भाडं मारून आला की, "चाचा, परत हाललीय."

माझा शक मग हुसेनभाईवर गेला. का? तर त्या नांदेडच्या ड्रायव्हरनं त्या दिवशी ह्याच्याच गॅरेजात बसून चहा पिला व्हता, हे मला पानपट्टीवाल्यानं सांगितलं. आता मी काय करायचे, डब्याचं काम उरकलं की तिथं जाऊन एक डबडं पालथं घालून बसायचे. कोनता नट काढला, कोनता लावला, समद्यावर नजर. हुसेनभाई गाडीखालून म्हनायचा, "भाभी, डोळ्यात तेल घालून बसलाय. त्यातलं थोडं इकडं द्या, हा बोल्ट जाम हाय."

एकदा मी घरून गिलास आन् तांब्या आनला. इंजन चालू ठेवायला लावलं आन् मागच्या सीटवर फळकुट ठेवून उतरंड रचली. पडंल असं वाटलं. न्हाई पडली. गिलास नुसता गुनगुनत ऱ्हायला. हुसेनभाई बगत व्हता. म्हनाला, "भाभी, गाडीत भूकंप हुडकायलाय का?" आन् बोलल्या बोलल्या जीब चावली त्यानं.

तिसरा शक माझ्या पोटच्या पोरावर. बसूचं लगीन ठरलं व्हतं. त्याला नवी जीप घ्यायची व्हती, जास्त शिटा बसतेत म्हनून. मला वाटायचं, गाडी हालते-बिलते हे खरं तरी हाय का? मी कुठं बगितलंय? ह्यालाच इकायची असंल आन् मला पटवायला हे नाटक. असं वाटनं बरं न्हाई, पन वाटत व्हतं. त्या गाडीशिवाय मालकाचं म्हनून माझ्याकडं काही ऱ्हायलं नव्हतं. फोटो सुद्दा न्हाई. घरातलं समदं मातीत गेलं. ती गाडी गेली म्हंजे ते मानूस व्हतं, हे सांगायला फकस्त मीच उरले.

म्हनून मी ठरवलं, एकदा आपनच बसून बगायचं. 

माहूरचं भाडं आलं. किल्लारीकडचंच कुटुंब, देवीच्या दर्शनाला निघालेलं. एक म्हातारबाबा, त्यांचा मुलगा आन् सून. मी म्हनलं मला बी रेनुकामातेला जायचंय, आन् बसूच्या शेजारी पुढं बसले. सकाळचं ऊन व्हतं. अहमदपूर जवळ येईपावतर गाडी कशी पान्यावरून चालल्यावानी. मी मनात म्हनलं, पकडलं बेट्याला. 

आन् तेवढ्यात सुरू झालं.

आदी पाठीला लागलं. मग पायाखालून. बारीक… एकसारखी… थरथर. रस्त्याचा खड्डा वेगळा, तो दनकन बसतो आन् जातो. हे तसं न्हाई. मी ती थरथर ओळखली. किती वर्सं झाली तरी अंगानं ओळखली. माझा हात आपोआप दाराच्या कडीवर गेला.

गाडी गावात शिरत व्हती, म्हनून बसूनं वेग कमी केलेला. हे नशीब. कारन मागचं दार उघडलं आन् म्हातारबाबा चालत्या गाडीतून बाहेर. 

आम्ही थांबून पळत गेलो तर बाबा धुळीत बसलेले. एक हात लोंबकळलेला, मोडला व्हता. पन दुसऱ्या हातानं आम्हालाच बोलवून ऱ्हायले, "भाईर या… समदे भाईर या. मुन्नी आत हाय, तिला काढा." त्यांचा मुलगा रडायला लागला. मुन्नी त्याची बहीन. भूकंपात गेलेली.

दुसऱ्या कुठल्या मुलखातला मानूस असता तर गाडी हालली म्हनून त्यानं सीट घट्ट धरलं असतं. आमची मानसं बाहेर पळतात. हालायला लागलं की बाहेर, एवढंच अंगाला ठाऊक. मी बी उडी टाकनारच व्हते, फरक एवढाच की माझ्या बाजूची कडी जाम व्हती.

बाबांना अहमदपूरला दवाखान्यात नेलं, प्लास्टर घातलं. त्या लोकांनी आम्हाला एक शब्द बोल लावला न्हाई, आन् तेच जास्त लागलं. घरी आल्यावर बसू म्हनाला, "आई, आता बास. उद्या कुनी मेलं तर? सरांना फोन करतो."

मला न्हाई म्हनता येईना. मी एवढंच म्हनले, द्यायला जाताना मी येते संगं.

ठरल्या दिवशी नांदेडला निघालो. रिकामी कामून न्यायची म्हनून बसूनं उमरीच्या एक बाई आन् त्यांची पोरगी मागं बसवल्या. पोरगी आमच्याच डब्यावर जेवायची, दिवाळीला घरी चाललेली. अभ्यास करून करून डोळे आत गेलेले. लातूर सुटलं आन् तिनं आईच्या खांद्यावर मान टाकली. 

थरथर सुरू.

तिची आई घाबरली. "अगं उठ, गाडीला काय झालं बग." पोरगी उठली. थरथर बंद. जरा वेळानं पोरगी परत पेंगली. परत सुरू. मी मागं वळून तिच्याकडंच बगत बसले. डोळे मिटले, मान पडली, तोंड उघडं पडलं, आन् पायाखाली सुरू. बसूनं हॉर्न वाजवला, ती दचकून जागी झाली, आन् गाडी परत लोन्यावानी.

मग मी मागचं समदं आठवलं. म्हातारबाबा, ते घोरत व्हते हालायच्या आदी. बसूला इचारलं, पैल्या खेपेला कोन व्हतं मागं? म्हनाला, मोंढ्यातले एक शेट, जेवन करून बसलेले, लगेच घोरायला लागलेले. त्याच्यानंतर? एक लेकुरवाळी. लेकरू मांडीवर झोपलेलं. आन् हुसेनभाई चक्कर मारायचा तवा मागं कोन? कुनीच न्हाई. सरांचा ड्रायव्हर गेला तवा? तोबी एकटाच.

मी बसूला काही सांगितलं न्हाई. सांगून काय सांगनार? नांदेड आलं, मायलेकी उतरल्या. मी म्हनलं मी मागं बसते. मागं बसून डोळे मिटले, मान टाकली, घोरल्याचं सोंग सुद्दा केलं. 

काही न्हाई. सोंग कळत व्हतं त्याला… का तिला… जे काय असंल त्याला.

सरांनी मान दिला, जेवू घातलं. जेवन झाल्यावर म्हनाले, चला, उमरीला माझ्या आईला गाडी दाखवून येऊ, मग कागद करू. ते मागं बसले, मी पुढं. सरांनी बूट काढले, पाय लांब केले, खुशीत व्हते. मला ऱ्हावलं न्हाई. ज्या गाडीत उद्या पोरं बसनार, ती खोटं बोलून कशी द्यायची? मी म्हनले, "सर, एक सांगते. ह्या गाडीत झोपायचं न्हाई."

सर मोठ्यानं हसले. "मावशी, आमच्या क्लासात झोपतंच कोन? मी पोरांना झोपू देत न्हाई आन् पोरांचे बाप मला झोपू देत न्हाईत."

पन पोटात पुरनपोळी, खिडकीतून वारं. उमरी रोडला लागलो आन् सरांचा आवाज बंद झाला. मी मागं बगितलं न्हाई. मांडीवर हात ठेवून बसले. मला ठाऊक व्हतं आता येनार. आन् आलं. पाठीला, मग पायाखाली. बसूनं माझ्याकडं बगितलं. मी म्हनलं, चालव.

मागून सर ओरडले न्हाईत. नुसतं म्हनाले, "थांबवा." आवाज पार बदललेला. 

बसूनं बाजूला घेतली. थरथर थांबली व्हती. सर पाय पोटाशी घेऊन बसलेले, मागच्या सीटवर, एवढा मोठा मानूस. म्हनाले, "मावशी, तुम्ही मला उठवलं का?"

मी कशी उठवनार? मी पुढं.

"कुनीतरी माझा अंगठा धरून हालवला. पायाचा."

गाडी बाभळीखाली उभी. ट्रका जाऊन ऱ्हायल्या. मग बसू माझ्याकडं न बगता म्हनाला, "आई, आन्नाच उठवायचे ना असं?"

मी त्याला ही गोष्ट कधी सांगितली नव्हती. म्हनलं, तुला कुनी सांगितलं? म्हनाला, आठवतंय. एवढंसं पोर व्हतं ते. आठवत असंलबी. का नसंलबी… मला ठाऊक न्हाई.

सरांनी गाडी घेतली न्हाई. वाईट बोलले न्हाईत, पन उमरीपावतर दुसरी गाडी करून गेले. बूट हातात घेऊनच उतरले.

माझा शक तिथंबी संपला न्हाई. मी सरळ हुसेनभाईकडं गेले. कारन अंगठ्याची गोष्ट माझ्याशिवाय ज्याला ठाऊक असंल असा जिता मानूस तो एकटाच. दोघं एका गॅरेजात झोपायचे, मालक त्याला बी तसंच उठवायचे. मी म्हनलं, खरं सांगा, तुम्ही सरांना काही बोललाव का? तुम्हाला बी गाडी जाऊ द्यायची नव्हती. बसूला संगं घेऊन कायतरी बनाव केलाव का?

हुसेनभाई हात पुसत उभा ऱ्हायला. म्हनाला, "भाभी, बनाव करायचा असता तर एवढे जॉईंट कशाला बदलले असते?" मग जरा थांबून म्हनाला, "पन माझ्यावर शक ठेवा. तुम्हाला तेवढाच आधार असंल तर ठेवा."

मी अजून ठेवलाय, थोडा. त्यालाबी ठाऊक हाय. पन एक बगितलं, पूर्वी दुपारी तो दुरुस्तीला आलेल्या कुठल्याबी गाडीत पाय लांब करून झोपायचा. त्या दिवसापासून गॅरेजात खाट टाकली त्यानं.

बसूनं गाडी इकली न्हाई. जीप बी घेतली, ही बी ठेवली. रेडियमवाल्याकडून मागच्या सीटम्होरं अक्षरं लावून आनली, "गाडीत झोपू नये". क्लासच्या पोरांच्या आई-बापाला वाटतं अभ्यासासाठी लिवलंय. एक जन तर म्हनाला, लई भारी, असं घरी बी लावतो. लावा म्हनलं. कुनी पेंगलं की बसू हॉर्न वाजवतो. तसं केलं की गाडी हालत न्हाई. हुसेनभाईनं नंतर दोनदा समदी खोलली. दोष सापडला न्हाई.

मला लोकांनी काय काय सांगितलं. कुनी म्हनलं शांती करा, कुनी म्हनलं माहूरला नेऊन लिंबू उतरवा. एका शिकलेल्या पावन्यानं सांगितलं, मागं झोपलेल्या मानसाचं वजन एका बाजूला पडतं, त्यानं जुनी गाडी हालत असंल. असंल बाबा. पन मांडीवरच्या लेकराचं वजन ते किती? आन् अंगठ्याचं काय? सरांच्या पायाला मुंग्या आल्या असतील. ते बी असंल. इतकी वर्सं नीट चालून सर बगून गेल्याच्या पुढच्याच आठवड्यात का लागली हालायला, ह्याला बी कुनाकडं उत्तर न्हाई. मालकाचंच काम म्हनावं, तर गाडी इकायचं बोलनं निघाल्यावर सुरू झालं हे खरं… पन ते असं भाड्याच्या मानसाला घाबरवनाऱ्यातले नव्हते. म्हातारबाबाचा हात मोडला, हे त्यांना चाललं नसतं. म्हनून मी तेबी मानत न्हाई.

गाडी आता आमच्या दारातच उभी असती. बसू कवा तरी काढतो. मी दुपारी जाऊन काच पुसते, सीट झाडते. नात म्हनती, "आज्जी, तू एकदा बंद गाडीत झोपून बग ना. इंजन बंद. सीटवर तुझी उतरंड रच. म्हंजे कळंल."

तिचं बरोबर हाय. हुसेनभाईनं समदं तपासलं, हेच तेवढं ऱ्हायलं. त्या रात्री गाडी हालली तवा इंजन बंदच व्हतं.

एकदा मी गेले बी. भर दुपारी, गिलास-तांब्या घेऊन. उतरंड रचली. आडवी झाले, पाय दाराकडं केले. डोळा लागायला आला. आन् मी उठून बसले.

कारन बगा, समजा झोप लागली आन् गाडी हालली. तर मला पळत सुटावं लागंल, घराघरात जाऊन सांगावं लागंल, बाहेर निघा, लेकरं बाहेर काढा. ह्या गल्लीत किती क्लासची पोरं झोपलेली असतात. आन् समजा न्हाई हालली… तर मग त्या रात्री बी मला उठवायला कुनी आलं नव्हतं. नुसती जमीन व्हती.

उतरंड उचलली, चप्पल घातली आन् घरात आले. तवापासून झोपून बगितलं न्हाई. बगनार बी न्हाई.